जेजूच्या लाव्हागुहेत चुन्याचे लवणस्तंभ कसे?

प्रश्न
दक्षिण कोरियातील जेजू हे बेट ज्वालामुखीपासून बनलेले आहे आणि तेथील लाव्हागुहांना २००७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांपैकी योंगचॉन गुहेची छायाचित्रे पाहताना मी गोंधळलो, कारण काळ्याभोर भिंतींवर पांढरेशुभ्र लवणस्तंभ लोंबकळताना दिसतात. असे स्तंभ आंध्रातील बोरा गुहांसारख्या चुनखडीच्या खडकात घडतात, एवढेच मला ठाऊक होते. बेसॉल्टमध्ये चुना आला कोठून?

उत्तर १
चुना खडकातला नाही, समुद्रकिनाऱ्यावरचा आहे. आधी गुहा कशी झाली ते पाहू. गोमुनओरम या ४५६ मीटर उंचीच्या टेकडीतून निघालेला पातळ लाव्हा ईशान्येकडे समुद्राच्या दिशेने वाहत गेला. त्याचा पृष्ठभाग थंड होऊन कडक झाला, पण आतला प्रवाह त्या कवचाखालून वाहतच राहिला आणि पुरवठा आटल्यावर मागे पोकळ नळी उरली. पुढे शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू वाऱ्याने किनाऱ्यावरून उडून या नळीच्या छतावर साचली. त्या वाळूतून मुरणारे पावसाचे पाणी चुना विरघळवून छताच्या भेगांतून आत ठिबकते, आणि थेंबाथेंबाने तो चुना गुहेत साचत जातो. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की काही ठिकाणी वरच्या झाडाझुडपांची मुळे छत भेदून खाली उतरली असून त्यांच्याभोवतीही चुन्याचे थर चढले आहेत. म्हणूनच केवळ गुहेला कुंपण घालून भागणार नाही. वरची वाळू आणि झाडोरा जपला नाही, तर आतले ठिबकणेच बदलून जाईल.

उत्तर २
याच लाव्हाने घडवलेली मानजांगगुल गुहा मी काही वर्षांपूर्वी पाहिली. तिची लांबी सुमारे ७.४ किलोमीटर असली तरी पर्यटकांसाठी सुमारे एक किलोमीटरचाच भाग होता. तेथे चुन्याची नक्षी नाही, परंतु भिंतींवरच्या आडव्या रेषांवरून लाव्हाची पातळी टप्प्याटप्प्याने कशी उतरत गेली, ते वाचता येते. वाटेच्या शेवटी ७.६ मीटर उंचीचा लाव्हास्तंभ आहे. छतातील भोकातून ओघळलेला लाव्हा खाली साचून गोठल्याने तो उभा राहिला. सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये माणसाने कोरलेली लेणी पाहत मी मोठा झालो, त्यामुळे त्याच जातीच्या खडकात लाव्हाने स्वतःच घडवलेले हे दालन पाहताना मी बराच वेळ जागचा हललो नाही. जाण्यापूर्वी गुहा खुली असल्याची चौकशी मात्र अवश्य करावी.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. योंगचॉन प्रत्यक्ष पाहता येते का?

उत्तर १
नाही. विजेचा खांब रोवताना २००५ साली अकस्मात सापडलेली ही गुहा संवर्धनासाठी बंद ठेवलेली आहे, आणि ते योग्यच आहे. बेटाच्या पश्चिमेस हाल्लिम उद्यानातील ह्योप्जे आणि सांगयोंग या गुहा पाहा. त्याही लाव्हाच्याच, आणि त्यांच्यातही शिंपल्यांच्या वाळूतून झिरपलेला चुना दिसतो.