मदत हवी आहे: ट्रकचा गिअरबॉक्स घरीच खोललाय, तिसरा गिअर सुटतो

नमस्कार मंडळी. ऊसवाहतुकीचा जुना सहाचाकी ट्रक आहे, पाच गिअरचा. भरल्या गाडीने चढ घेताना तिसरा सुटतो, चौथ्यातून खाली टाकताना करकरतो. न्यूट्रलला घरघर, क्लच दाबला की बंद. म्हणून बॉक्स उतरवून शेडमध्ये खोललाय.

इनपुट शाफ्टचं बेअरिंग खरखरतंय, ते बदलणारच. तिसऱ्याची पितळी सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी) गिअरच्या निमुळत्या कोनवर दाबून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावला तर फट जेमतेम ०.३ मिमी, आतल्या बारीक रेघाही गुळगुळीत झाल्यात, म्हणजे रिंग झिजलीय. पण खरी काळजी वेगळीच. स्लीव्ह (गिअरला शाफ्टशी जोडणारी सरकती कडी) गिअरच्या ज्या दातांत अडकते त्यांची टोकं गोल झालीत. नुसती रिंग आणि फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) बदलून भागेल, की गिअर आणि स्लीव्हही जोडीनं घ्यायची? मला वाटतं दात गेले असतील तर नव्या रिंगवरही गिअर सुटणारच, पण गिअर महाग आहे, म्हणून अनुभवी माणसाकडून खात्री हवी.

ले शाफ्टला (मेन शाफ्टच्या जोडीचा, त्याला समांतर शाफ्ट) टेपर म्हणजे निमुळती बेअरिंग आहेत. नवीन घातल्यावर जुनेच शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) चालतील, की शाफ्टचा प्ले (मागेपुढे हलण्याची ढील) डायल गेजनं मोजून नव्यानं बसवायचे?

मेन शाफ्टवर हातोडा मारायचा नाहीये. बारामती-इंदापूर भागात प्रेसवर बेअरिंग नीट काढून-बसवून देणारा लेथवाला माहीत असेल तर कृपया सांगा, गळीत हंगामाआधी गाडी तयार करायची आहे.