९ फुटांखालच्या छतात गोल्फ सिम्युलेटर बसत नाही, हे आता तरी मान्य करा

मोजपट्टी:
घरातल्या गोल्फ सिम्युलेटरबद्दल (चेंडू पडद्यावर मारायचा, फटका यंत्र मोजतं) काल इथे एक पोस्ट आली: ‘खोली १० बाय १२ ची आणि छत ८ फुटांचं असलं, तरी ड्रायव्हरसकट पूर्ण सिम्युलेटर आरामात बसतो.’ ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब क्लब, गोल्फची काठी. खाली धन्यवादांची रांग. ती वाचून कुणीतरी खरोखर स्क्रीन मागवेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी १२ फुटांचा हिशोब. इम्पॅक्ट स्क्रीन, म्हणजे चेंडू आदळतो तो पडदा, भिंतीला चिकटवता येत नाही. मार बसला की ती मागे फुगते, आणि भिंतीला टेकली तर चेंडू सरळ अंगावर उलटतो. मागे निदान १ फूट मोकळा हवा. चेंडू ते स्क्रीन ८ फूट. उरले ३. बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, जमिनीला समांतर येतो, तेव्हा ड्रायव्हरचं डोकं चेंडूच्या ५ फूट मागे असतं. म्हणजे भिंतीत.

आता छत. ड्रायव्हर ४५ इंचांचा. त्याचं डोकं सगळ्यात उंच जातं ते बॅकस्विंगच्या टोकाला नाही, त्याच्या थोडं आधी, शाफ्ट उभा होतो तेव्हा. फॉलो-थ्रूमध्ये (फटक्यानंतर) परत तेच. ६ फुटी माणसाचा क्लब सहज ८.५ फुटांच्या आसपास पोचतो. वर पायाखालच्या मॅटची जाडी मिळवा. ८ फुटांत ड्रायव्हर नाही, विषय संपला.

हिरवळ:
विषय मुळीच संपलेला नाही. तुम्ही फक्त ड्रायव्हरचा हिशोब मांडलात आणि शीर्षकात अख्खा सिम्युलेटर बाद केलात. ५ फूट ४ इंच उंचीचा, सपाट स्विंगचा (क्लब उंच न नेता अंगाभोवती फिरवणारा) माणूस ८.५ फुटांत सगळी आयर्न (ड्रायव्हरपेक्षा आखूड क्लब) पूर्ण मारू शकतो.

फुटांचे आकडे फेकण्यापेक्षा चाचणी सांगा ना. वर्तमानपत्राच्या पट्ट्या कापा आणि चेंडूच्या जागेच्या वर, मागे आणि पुढे छताला चिकटवा, प्रत्येक ६ इंच खाली लोंबेल अशी. क्लबच्या डोक्याला जाड मोजा घाला. आधी सावकाश, मग वेग वाढवत स्विंग करा. पट्टी फाटली किंवा हलली, तर तो क्लब त्या खोलीत नाही. एकही पट्टी हलली नाही, तर बिनधास्त मारा. पंखा आणि दिवा याच पद्धतीने तपासा.

मोजपट्टी:
चाचणी चांगली आहे, पण अपुरी. पट्टी हलली नाही म्हणजे डोक्यातली भीती गेली असं होत नाही. छत जवळ दिसलं की शरीर आपोआप आखडतं, हात आत ओढले जातात, फॉलो-थ्रू अर्ध्यात तुटतो. महिनाभर तसं मारलं की तोच स्विंग घेऊन माणूस मैदानावर जातो. ६ इंच पुरत नाहीत, फूटभर तरी मोकळा पाहिजे.

आणि खोली १२ फुटी असेल तर रडारवाला लॉन्च मॉनिटर (फटका मोजणारं यंत्र) विसरा. गार्मिन आर१० सारख्याला चेंडूच्या मागे ६ ते ८ फूट लागतात आणि पुढे चेंडूचं ८ फूट उड्डाण. इथेच १४ फूट संपले.

हिरवळ:
म्हणूनच लहान खोलीत कॅमेऱ्याचा घ्यायचा. स्कायट्रॅकसारखा मॉनिटर चेंडूच्या शेजारी बसतो, मागे जागा मागत नाही. फक्त त्याच्यावर थेट ऊन पडू देऊ नका.

रबरी_टी:
छत, छत, छत! कोपर जातं ते मॅटमुळे, त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही. काँक्रीटवर पातळ मॅट टाकायची आणि रोज शंभर चेंडू मारायचे. क्लब चेंडूच्या २ इंच मागे आपटतो, मॅटवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू छान उडतो. स्क्रीनवर १५० यार्ड दिसतात. गवतावर तोच फटका जमिनीत रुततो. मॅट चूक लपवते आणि तिचा धक्का मनगटात, कोपराच्या आतल्या बाजूला भरते.

उपाय: मारायच्या जागी साधारण १ बाय २ फुटांचा तुकडा कापा आणि तिथे जेलची किंवा ब्रशची पट्टी बसवा, खाली दाट फोम. चेंडूच्या ४ इंच मागे घडी केलेला टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला तर तो फॅट शॉट (चेंडूआधी जमिनीला लागलेला), मॉनिटर काहीही म्हणो.

हिरवळ:
हे सगळं मिळून जमीन अडीच-तीन इंच वर येते. ८.५ फुटांत तेवढे इंच आणायचे कुठून? शिवाय जेलवर क्लब आणखी सहज घसरतो, म्हणजे तुमचीच तक्रार दुप्पट.

रबरी_टी:
जेलबद्दल बरोबर आहे, म्हणून मी ब्रशच्या बाजूचा. पण उंचीसाठी कोपर गहाण टाकायला सांगू नका! पाय ठेवायची जागाही तेवढीच उचलावी लागते, नाहीतर चेंडू पायांपेक्षा वर येतो आणि डावीकडे ओढला जातो. इंच परवडत नसतील तर खोली लहान आहे, मॅटचा दोष नाही.

डावखुरा:
‘डावीकडे ओढला जातो’ हे उजव्यांचं. आमचा उजवीकडे जातो. आणि शेजारी बसणारा मॉनिटर घरात एक डावा, एक उजवा असला की दर खेपेला उचलून पलीकडे ठेवायचा, परत लेव्हल करायचा. छताला लावायचा मॉनिटर हे टाळतो, पण त्याला छत पुन्हा ९ फुटांच्या पुढे लागतं.

१० फूट रुंदीत चेंडू मध्यावर ठेवला तर पाठीमागे भिंत लागते, म्हणून लोक तो १ फूट बाजूला सरकवतात. स्क्रीन १० फुटांवर असेल तर नजर चित्राच्या मध्याकडे जाते आणि जवळजवळ ६ अंशांचा फरक पडतो. २०० यार्डांवर हे २० यार्ड झाले. लक्ष्याची रेघ चेंडूच्या समोर आणायला सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट द्या, किंवा स्क्रीनवर चेंडूसमोर टेपचा तुकडा लावून त्याच्यावर नेम धरा.

मोजपट्टी:
मॅटसाठी वेगळा धागा काढा. इथे स्क्रीनबद्दल कुणी विचारलंच नाही, आणि इजा तिथेच होते. चेंडू ४६ ग्रॅमचा असतो, ड्रायव्हरवरून ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. स्क्रीन ढोलकीसारखी ताणली तर तो गुडघ्यावर परत येतो. बाजू लवचिक दोऱ्यांनी बांधा, खालची कड सैल सोडा. चौकटीचे पाइप फोममध्ये गुंडाळा. शँक (चेंडू क्लबच्या दांड्याजवळ लागून भलतीकडे उडालेला फटका) उजवीकडे सुटतो (डावखुऱ्यांचा डावीकडे), म्हणून बाजूंना जाळी हवीच.

प्रोजेक्टर शॉर्ट थ्रो, म्हणजे जवळून मोठं चित्र टाकणारा. चित्र ९ फूट रुंद आणि थ्रो रेशो (लेन्सचं अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.५ असेल तर लेन्स स्क्रीनपासून साडेचार फुटांवर बसते. १.२ चा घेतलात तर लेन्स खेळाडूच्या मागे जाते आणि चित्रावर त्याचीच सावली पडते.

हिरवळ:
स्क्रीनबाबत पूर्ण सहमत. मग ८.५ फुटांत आयर्न चालतात, एवढं तरी म्हणा.

मोजपट्टी:
बुटक्या माणसाला, सपाट स्विंगला, पट्ट्यांची चाचणी पास झाल्यावर, चालतात. शीर्षकात ‘ड्रायव्हरसाठी’ हा शब्द हवा होता. ९ फूट मात्र तसेच राहतील.

रबरी_टी:
ते ९ फूट मॅटच्या वरून मोजायचे, फरशीवरून नाही.