किलीम, घंगाळ आणि बांबू एकाच हॉलमध्ये?

गंगापूररोडकरीण: आमचा हॉल 12 बाय 16. खाली पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यामुळे दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. दाजींनी तुर्कस्तानातून लाल-निळं लोकरीचं किलीम (सतरंजीसारखं विणलेलं) आणलंय. सासूबाईंचं पितळी घंगाळ माळ्यावर पडून आहे. शिवाय मला बांबूचा लॅम्प आणि तागाचा गालिचा घ्यायचाय. एवढं मांडलं तर हॉलचं हस्तकला प्रदर्शन होईल का?

पंचवटीकर: होईल. तागाचा गालिचा रद्द करा. पावसाळ्यात ताग ओल धरतो, वास येतो.

जुना_वाडा: ताई, रंगीत वस्तू एकच ठेवा, ती म्हणजे किलीम. बाकी सगळं मातकट, लाकडी, सुती. पडदे जाड खादीचे, न रंगवलेले. किलीम सोफ्यासमोर खालीच अंथरा. त्याला गालिच्यासारखी लव नसते, ते सपाट विणीचं असतं, म्हणून या टाइल्सवर सरकतं. घरात म्हातारं माणूस असेल तर खाली रबरी जाळी हवीच. लोकरीला कसर लागते, तेव्हा अधूनमधून उलटून झाडा. उलटी बाजूही बहुधा सुलटीसारखीच दिसते, तीही वापरता येते.

दिवाणावर आपली काळी घोंगडी टाका. नवी असताना टोचते, कारण ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ दिलेली असते. वापरून मऊ पडते. तुर्की विणीशेजारी ती जेवढी शोभते तेवढी मॉलमधली ‘एथनिक’ उशी शोभणार नाही. (या उशांवर माझा राग जुना आहे.)

बांबूचं काम आपल्याच नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे होतं. घेताना कीड लागू नये म्हणून बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलीय का, ते विचारा. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगा येतो. खाली बारीक भुसा पडायला लागला की समजायचं. आणि लॅम्प भिंतीच्या बाजूला ठेवा. तिरपा उजेड पडला तरच वीण उठून दिसते. छताच्या ट्यूबलाइटखाली सगळंच सपाट.

गंगापूररोडकरीण: धन्यवाद काका! घंगाळाला लॅकर (पारदर्शक लेप) मारून घेऊ का? सासूबाई ‘घासा’ म्हणतात.

जुना_वाडा: सासूबाईंचं ऐका. लॅकर एखाद्या ठिकाणी निघालं की तेवढेच काळे डाग पडतात. दिवाळीला चिंच-मीठ लावून घासा आणि लगेच कोरडं पुसा. एरवी काळवंडू दे. प्लास्टिकची फुलं मात्र त्यात ठेवू नका.

पंचवटीकर: आणि ताग?

जुना_वाडा: ताग रद्दच.