उसाच्या दोनचाकी ट्रॉलीसोबत चाकाचं कोणतं सामान ठेवावं?

प्रश्न:
गाळप हंगाम तोंडावर आलाय. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही दोनचाकी, टायर 9.00-16 ट्यूबवाले. कारखाना 28 किमी, अर्धा रस्ता कच्चा, खेपा बहुतेक रात्रीच्या. पंक्चर झालं किंवा बेअरिंग गेलं तर जागेवरच काम उरकलं पाहिजे. स्टेपनी, व्हील पाना आणि 5 टनी बॉटल जॅक आहे. अजून काय घ्यावं?

उत्तर 1:
आधी जॅक बदला, दादा. भरलेली ट्रॉली 8-10 टनांची धरली तरी एका चाकावर 4 टनांच्या आसपास भार येतो, त्यात रस्त्याची बाजूपट्टी उतरती असली की 5 टनी जॅक पुरत नाही. 10 टनी घ्या. घेताना मिटलेल्या जॅकची उंची मोजा: टायर बसला की एक्सल खाली येतो आणि जॅक खाली शिरतच नाही. घरी एका चाकाची हवा सोडून एकदा घालून बघा. जॅकखाली दीड फुटाची जाड फळी हवीच, नाहीतर भार आला की तो मातीत रुततो.

ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नका. दोनचाकी ट्रॉलीचा तोल हुकवरच असतो, पिन काढली की दांडी खाली आदळते किंवा वर उसळते. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि दुसऱ्या चाकाला पुढून-मागून उटी, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून दगड. जॅक एक्सलखाली, स्प्रिंगच्या पाट्याच्या शेजारी लावा, बॉडीखाली नको. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. बसवताना नटाची निमुळती बाजू डिस्ककडे ठेवून समोरासमोरचे नट आवळा. 10-15 किमीवर पुन्हा पाना लावा, नवीन बसवलेलं चाक हमखास ढिलं पडतं.

उत्तर 2:
पंक्चरपेक्षा बेअरिंगच जास्त वेळ खातं, आणि त्याचं सामान कुणीच ठेवत नाही. हब, म्हणजे चाकाच्या मधला बेअरिंग बसतो तो भाग, आत्ताच उघडा. आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगवर कोरलेले नंबर डायरीत लिहा. ट्रॉलीगणिक ते वेगळे असतात, अंदाजाने आणलेलं बसत नाही. दोन्ही बेअरिंगचा संच कपासकट (कप म्हणजे बेअरिंगची बाहेरची कडी), एक ऑइल सील, वॉशर, खाचेचा नट, चार-पाच स्प्लिट पिना आणि अर्धा किलो बेअरिंग ग्रीस डब्यात ठेवा. कप ठोकून काढायला पितळी ड्रिफ्ट (ठोकायची कांब) आणि हातोडाही लागेल.

बसवताना रोलरांच्या मधे ग्रीस दाबून भरा, वरून नुसतं चोपडून भागत नाही. सीलचा ओठ ग्रीसच्या बाजूला. मग चाक फिरवत नट आवळा, चाक जड वाटू लागलं की खाच पिनेच्या भोकाशी येईपर्यंत मागे घ्या. चाक मोकळं फिरावं, पण हलवून खडखड होऊ नये. स्प्लिट पिन दरवेळी नवीनच. जुनी सरळ करून घातली की ती तुटते, नट सुटतो आणि चाक हबसकट बाहेर येतं.

प्रश्नकर्ता:
हब किती तापला म्हणजे थांबायचं?

उत्तर 2:
कोमट चालतो. तळहात टेकवून ठेवता येत नसेल किंवा दुसऱ्या बाजूपेक्षा बराच गरम असेल, तर पुढे नेऊ नका. त्यावर पाणी मात्र ओतू नका, आपोआप निवू द्या.

उत्तर 3:
डिस्कला सुटी लॉक रिंग (टायर जागेवर धरणारी लोखंडी कडी) असेल तर वाटेत टायर उघडूच नका. हवेचा थोडा दाब राहिला तरी रिंग उडते आणि माणूस जातो. अख्खी स्टेपनी चढवा, पंक्चर गावात काढा. वाल्व की (ट्यूबच्या वाल्वची पिन काढायची चावी), हवेचा मीटर आणि डोक्याला बांधायची बॅटरी मात्र सोबत हवी.

रात्री मागे निदान 50 मीटरवर रिफ्लेक्टर त्रिकोण ठेवा. त्याऐवजी ठेवलेल्या फांद्या आणि दगड मागच्या गाडीच्या हेडलाइटमध्ये उशिरा दिसतात. काम झालं की उटीचे दगड स्वतः उचलून बाजूला टाका. ते रस्त्यातच राहतात आणि मागून येणारा दुचाकीवाला त्यावर जातो.