छडा न लागलेल्या खुनांची यादी पोलिसांनी जाहीर करावी का?

माणदेशी

मुद्दा थेट मांडतो. ज्या खुनाचा छडा लागत नाही त्या फाईलचं पुढे काय होतं, हे आपल्या राज्यात मयताच्या घरच्यांनाही कळत नाही. प्रत्येक पोलीस अधीक्षक आणि आयुक्त कार्यालयानं अशा खुनांची यादी जाहीर ठेवलीच पाहिजे, असं माझं मत आहे.

तपास अडला की पोलीस कोर्टात 'अ समरी' पाठवतात. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही किंवा पुरावा पुरेसा नाही, असा तिचा अर्थ. (ब समरी म्हणजे फिर्यादच खोटी, क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची.) मॅजिस्ट्रेटनी समरी मंजूर केली की गुन्हा ठाण्याच्या प्रलंबित यादीतून उतरतो. कायद्यानं तपास पुन्हा कधीही सुरू करता येतो, खुनाला मुदतीची अडचण नाही. पण ती फाईल पुन्हा उघडून बघणं हे कुणाच्याच गळ्यात बांधलेलं काम नाही. उपनिरीक्षक, निरीक्षक एका ठाण्यात साधारण 2 वर्षं असतात. नव्या साहेबांसमोर या महिन्याचे गुन्हे असतात, क्राईम मीटिंगमध्ये त्यांनाच जाब द्यायचा असतो.

वरच्या पातळीवरही तेच. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाच्या) वार्षिक अहवालात 'गुन्हा खरा, पण पुरावा अपुरा किंवा धागादोरा नाही' असा एकच रकाना आहे. संशयित समोर आहे पण सिद्ध करता येत नाही, आणि मारलं कुणी याचा पत्ताच नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी त्यात एकत्र पडतात. त्यामुळे किती खुनी अज्ञातच राहिले, हे त्या रकान्यातून काढताच येत नाही.

जुन्या फाईलमधून काही निघत नाही असं म्हणणाऱ्यांनी काशिमिऱ्याचं प्रकरण आठवावं. नोव्हेंबर 1994 मध्ये एक आई आणि तिची चार मुलं मारली गेली. 2020 साली मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय झालं, त्यांच्या गुन्हे शाखेनं ते प्रकरण हातात घेतलं आणि डिसेंबर 2022 मध्ये परदेशातून परतणाऱ्या संशयिताला मुंबई विमानतळावर ताब्यात घेतलं. कुणीतरी फाईल उघडली म्हणून हे घडलं.

निवृत्त हवालदार

माणदेशी, तळमळ पटते, मागणी पटत नाही. काशिमिऱ्याचा दाखला इथे बसत नाही. तिथे संशयितांची नावं पहिल्यापासून माहीत होती, माणसं फरार होती. फरारी शोधणं आणि अज्ञात आरोपी शोधणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नोकरीची शेवटची वर्षं मी मुद्देमाल कारकून होतो, म्हणून त्या खोलीचं सांगतो. पत्र्याचं छप्पर, एक छोटी खिडकी. जप्तीच्या मोटारसायकली बाहेर गंजतात, आत रॅकवर कापडात शिवलेली पार्सलं. वर लाखेचं सील, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. पाच पावसाळे गेले की चिठ्ठीवरची शाई उडते आणि गुन्हा रजिस्टर नंबर लागत नाही. पूर्वी रक्ताचे कपडे सर्रास प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे. ओल राहिली की बुरशी धरते, मग सीएला (सरकारी रासायनिक प्रयोगशाळेला) पाठवून उपयोग काय? कपडा सावलीत वाळवून कागदात बांधायचा असतो, हे आम्हाला फार उशिरा शिकवलं. उंदरांचं तर विचारू नका.

आता तुम्ही यादी लावणार. घरचे आशेनं येणार. त्यांना दाखवायला ठाण्यात काय आहे? हातात काही नसताना आशा लावणं मला क्रूर वाटतं. पैसा आणि माणसं मिळणार असतील तर आधी मुद्देमाल खोलीला द्या. तपासाचे अंमलदार सण, सभा, निवडणुका यांच्या बंदोबस्तात अडकतात. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा असं सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये प्रकाश सिंग निकालात सांगितलं. ठाण्यात जाऊन बघा, तोच अंमलदार सकाळी मिरवणुकीला आणि रात्री पंचनाम्याला असतो.

नंदादीप

हवालदारसाहेब, आशा लावू नका म्हणता. आम्हाला आशेचं काही नाही, आम्हाला माहिती हवी होती.

माझा भाऊ घरातून गेला तेव्हा आम्ही आमच्या ठाण्यात मिसिंग दिली. मृतदेह दुसऱ्या जिल्ह्यात घाटात मिळाला, तिथे आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली, शवविच्छेदनानंतर खुनाचा गुन्हा. फिर्याद तिथल्याच एका पोलिसानं सरकारतर्फे दिलेली. ओळख पटेपर्यंत अंत्यसंस्कारही उरकले होते. आम्ही ओळखला तो फोटोतल्या पट्ट्याच्या बक्कलवरून, मीच तो त्याला घेऊन दिला होता.

पुढे विचारायला गेलं की 'तपास चालू आहे' एवढंच. अनेक वर्षांनी एका भल्या कारकुनानं रजिस्टर उघडून सांगितलं, ताई, याची समरी कधीच मंजूर झाली. आई त्या सगळ्या काळात तपास चालू आहे असं समजून होती. ती ते समजूनच गेली. यादी असती तर निदान खोटं तरी ऐकावं लागलं नसतं.

कोर्टकचेरी

नंदादीपताई, तुमच्या बाबतीत झालं ते कायद्यातल्या एका फटीमुळे. भगवंत सिंग विरुद्ध पोलीस आयुक्त या 1985च्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेटनं प्रकरण बंद करायचं नाही. पण त्याच निकालात असंही आहे की मयताचा नातेवाईक स्वतः फिर्यादी नसेल तर त्याला नोटिशीचा हक्क नाही, आपणहून हजर झाला तर ऐकावं. आता बेवारस मृतदेहाच्या गुन्ह्यात फिर्यादी असतो पोलीस. नोटीस पोलिसाकडून पोलिसाला जाते. ज्यांचं माणूस गेलं ते त्या कागदावर कुठेच नसतात.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम 193 प्रमाणे तपासाची प्रगती 90 दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची आहे, आणि पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारस येतात. चांगली सुधारणा आहे. मात्र ती चालू तपासापुरती. समरीनंतर वर्षानुवर्षं पडलेल्या फाईलबद्दल कुणी काय कळवायचं, यावर संहिता गप्प आहे. म्हणून माझं मत यादीच्या बाजूनं.

उलटतपासणी

मी पूर्ण विरोधात आहे, आणि कारण मनुष्यबळाचं नाही. यादी जाहीर झाली की ती कमी करण्याचा दबाव येणार. दबाव आला की माणूस 'मिळतो'. कोण मिळतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे: पालावरचा, पारधी वस्तीवरचा, ज्याच्यासाठी वकील उभा राहत नाही असा.

2003 सालच्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती. मार्च 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख भरपाई द्यायला सांगितलं. प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते आणि त्यांच्यामागे कुणी गेलंच नाही, हे निकालात आहे. हा तर ताज्या गुन्ह्याचा तपास होता. वीस वर्षांपूर्वीच्या खुनात साक्षीदारांची आठवण पुसलेली, मुद्देमाल सडलेला. तिथे आरोपी कसा उभा केला जाईल याची मला भीती वाटते.

पैलतीर

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे 2018 मध्ये 'गोल्डन स्टेट किलर' नावानं ओळखला जाणारा, अनेक खून केलेला माणूस पकडला गेला तो सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या गुन्ह्यांसाठी. वंशावळीच्या संकेतस्थळावर डीएनएवरून दूरचे नातेवाईक जुळले याचीच चर्चा झाली, पण त्याआधी कुणीतरी 1980च्या गुन्ह्यातला नमुना सुस्थितीत जपला होता. हवालदारसाहेब म्हणतात ते बरोबर आहे, खोली आधी. भारतात डीएनए नमुन्यांची राष्ट्रीय पेढी उभारणारं विधेयक सरकारनं 2023 मध्ये मागेच घेतलं, त्यामुळे नमुना जपला तरी जुळवायचा कशाशी, हाही प्रश्न उरतोच.

माणदेशी

उलटतपासणी, तुमचा दाखला मी माझ्याच बाजूनं वापरतो. ते सहा जण सुटले, मग त्या कुटुंबाला मारलं कुणी? सुप्रीम कोर्टानं त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास करा असं सांगितलं. पण सगळे निर्दोष सुटले की पोलिसांच्या दप्तरी तो गुन्हा 'उघड'च राहतो, कारण दोषारोपपत्र गेलेलं असतं. म्हणजे असे खून अ समरीतही मोजले जात नाहीत. माझ्या यादीत हेही हवेत. 2014 मध्ये किशनभाई निकालात सुप्रीम कोर्टानं प्रत्येक निर्दोष निकालाची छाननी करणारी समिती राज्यांना नेमायला सांगितलीच आहे. तिची टिपणं या यादीला जोडा.

दबावाची भीती खरी आहे. म्हणून 'यंदा किती उघड केले' हा आकडा मी मागतच नाही. फाईल कुणाकडे आहे, मुद्देमाल कुठे आणि कोणत्या स्थितीत आहे, शेवटचं कधी बघितलं, एवढंच लिहा. हवालदारसाहेब, मुद्देमाल सडलाय हे दरवर्षी जाहीर कागदावर लिहावं लागलं, तर त्या खोलीला छप्पर लवकर मिळेल.

आणि दुसऱ्याच्या डोळ्याखालून गेल्यावर जोड लागतात. दाभोलकरांचा खून ऑगस्ट 2013 चा. गोळ्या झाडल्याचा आरोप असलेले दोघं 2018 मध्ये हाती लागले, त्यात कर्नाटकच्या पथकानं पत्रकार गौरी लंकेश यांच्या खुनाच्या तपासात केलेल्या कामाचा मोठा वाटा होता. मे 2024 मध्ये त्या दोघांना जन्मठेप झाली. सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही हे न्यायालयानंही नोंदवलं.

निवृत्त हवालदार

मुद्देमालाची स्थिती लिहायची, हे मान्य. ते जाहीर लिहिलं तर वरिष्ठांना उत्तर द्यावं लागेल, यात शंका नाही. पण सगळी यादी चव्हाट्यावर नको. गावातला खून असतो, खुनी त्याच गावात फिरत असतो, आणि फाईल पुन्हा उघडली हे त्याला आपणच कळवायचं? साक्षीदार त्याच गल्लीत राहतो. घरच्यांना दरवर्षी लेखी द्या, जाहीर फक्त जिल्ह्याची संख्या ठेवा.

माणदेशी

आणि ज्या मयताची ओळखच पटलेली नाही, त्याच्या घरच्यांना लेखी कुठे पाठवणार? नंदादीपताईंच्या भावाचं झालं तेच. मिसिंग एका जिल्ह्यात, मृतदेह दुसऱ्या. निदान अनोळखी मयतांच्या खुनाचा तपशील, वर्णन आणि अंगावरच्या वस्तूंचे फोटो, जाहीर असलेच पाहिजेत. बाकीच्यांत साक्षीदाराची माहिती वगळा, माझी हरकत नाही.

कोर्टकचेरी

ताई, तुमच्यापुरतं सांगतो. गुन्हा जिथे दाखल झाला तिथल्या मॅजिस्ट्रेट कोर्टात समरी अहवाल आणि त्यावरच्या आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. गुन्हा रजिस्टर नंबर, वर्ष आणि ठाणं लिहा, बहीण असल्याचा पुरावा जोडा. प्रत हातात आली की पुढच्या तपासासाठी अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुद्देमाल नष्ट केला का, केला असेल तर कोणत्या आदेशानं, हे त्याच अर्जात विचारा. नंबर तुमच्याकडे नसेल तर त्या कारकुनानं जे रजिस्टर दाखवलं त्यात तो असणारच.