वेअरवुल्फच्या कादंबऱ्या मुलांच्या कपाटात घ्याव्यात का?

रामबागकर
इंदूरच्या आमच्या मराठी वाचनालयात बालविभाग आहे, मोठ्यांचा आहे. १३ ते १७ वयाचं कपाट यंदा सुरू करतोय. मुलांकडून याद्या मागवल्या, तर पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या मुलामुलींच्या इंग्रजी कादंबऱ्या त्यात भरपूर. समितीत काहींनी नाकं मुरडली. माझं मत : घ्याव्यात. या वयात आवाज फुटतो, अंगावर केस येतात, राग कुठून उसळला ते स्वतःलाच कळत नाही, आणि घरात बोलायची चोरी. या गोष्टी नेमकं तेच मांडतात. मराठीत या वयासाठी असं किती लिहिलं जातंय?

पलासियाची आई
दादा, लेकीच्या हातात पडण्याआधी मी यातल्या बऱ्याच वाचल्या. माझा आक्षेप लांडग्याला नाही, 'अल्फा'ला आहे. टोळीचा म्होरक्या हुकूम सोडणार, बाकीच्यांनी मुकाट पाळायचा. मुलीचा 'मेट', म्हणजे जोडीदार, नशिबानंच ठरलेला. तो वासावरून ओळखतो, 'तू माझी' म्हणतो, आणि हिला नाही म्हणायची सोयच नाही. 'ट्वायलाइट' कादंबरीमालेच्या २००८ मधल्या भागात तर लांडगा होणारा जेकब एका तान्ह्या मुलीशी असा कायमचा बांधला जातो. घरी आपण लेकींना सांगतो, लग्न तुझ्या मर्जीनं. मग वाचनालयानं हे हातात द्यायचं?

माळरान
काकूंचं बरोबर आहे, आणि खऱ्या लांडग्यांतही असला अल्फा नसतो. रुडॉल्फ शेंकेलनं १९४७ साली जे लांडगे अभ्यासले ते प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते, म्हणून त्यांच्यात सत्तेची मारामारी दिसली. लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेकच्या १९७० च्या पुस्तकानं ती कल्पना जगभर पोचवली. पुढे कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळे लांडगे वर्षानुवर्षं पाहून त्यानंच १९९९ मध्ये ती खोडून काढली. रानातली टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. वयात आलेलं पिल्लू बापाशी गादीसाठी भांडत बसत नाही. घर सोडतं, लांब जातं, आपला जोडीदार शोधतं. बारावीनंतर बाहेरगावी निघणाऱ्या पोरांना ही गोष्ट किती जवळची वाटेल!

जुनी इंदूर
मला मुळातच हे पटत नाही. आपल्याकडे लांडगा आधीच बदनाम. मेंढी गेली की लोक त्याच्या बिळात धूर करतात, विष घालतात. देशात सुमारे ३००० उरलेत, त्यांतले सर्वाधिक आपल्या मध्य प्रदेशात. त्यात पोरांच्या डोक्यात रक्तपिपासू लांडगा कशाला भरायचा? मोगली द्या. तो आपल्या शिवनीच्या जंगलातला, आणि त्याला वाढवलं लांडग्यांनीच.

रामबागकर
मोगली बालविभागात आहेच, पण सोळा वर्षांची मुलगी तिथे फिरकत नाही. काकू, सगळ्या कादंबऱ्या अल्फाच्या नसतात हो. २००९ च्या एका अमेरिकन कादंबरीत चंद्राचा संबंधच नाही, थंडीनं माणसाचा लांडगा होतो. आणि दर हिवाळ्यागणिक त्यातल्या नायकाचं माणूसपण निसटत चाललंय. हॅरी पॉटरमधले ल्युपिन सर आठवा. उत्तम शिक्षक, पण लांडगा होण्याचा रोग उघड झाल्यावर पालकांची पत्रं येण्याआधीच नोकरी सोडतात. कुष्ठरोग्यांना गावाबाहेर काढणाऱ्या आपल्या समाजाला हे परकं कसं वाटेल? अशी घेऊ, मेटवाली वगळू.

अकरावी_ब
काका, वगळू नका. तीच गोष्ट फोनवर वॉटपॅड या गोष्टींच्या ॲपवर फुकट मिळते, आमच्या वर्गातल्या कितीतरी जणी वाचतात. अल्फा दादागिरी करतो हे आम्हाला दिसतं. आम्ही वाचतो ते टोळीसाठी : एकाला लागलं की सगळे धावून येतात, कुणी एकटं पडत नाही. पण 'हा मुलगा चुकीचा वागतोय' हे मोठ्यांसमोर म्हणायची जागा मिळत नाही. पुस्तक वाचनालयात असलं तर ती मिळेल.

पलासियाची आई
बेटा, दिसतं म्हणतेस, पण ते पान वाचताना छातीत धडधडतं ना? तिथेच मला भीती वाटते. वाचनालयाच्या पैशानं मेटवाली घ्यायला माझा विरोध कायम. चर्चा मात्र ठेवा. मी येईन, लेकीलाही आणीन.