छंदाचं टार्गेट केलं आणि मजाच गेली, काय करू? (एसटी / रेल्वे)

बार्शीलाइट

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, कंटाळा आला तर सोडून द्या.

मी मूळचा कुर्डुवाडीचा. वय ४५, आता पुण्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघतो. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यामुळे आमच्या घरात घड्याळापेक्षा गाड्यांच्या शिट्ट्यांवर जास्त भरवसा. एका बाजूला मेन लाइनच्या धडधडत जाणाऱ्या मेल आणि दुसऱ्या बाजूला आमची अडीच फुटी नॅरोगेज, एक फाटा पंढरपूर-मिरजकडे, एक बार्शी-लातूरकडे. वारीत टपावर बसलेली माणसं बघितलीत मी. सातवीत असताना एका वहीत एसटीचे नंबर लिहायला लागलो ते आजतागायत सुरू आहे. आजही लांबून गाडी बघून बॉडी एसटीच्या दापोडी वर्कशॉपची का चिकलठाण्याच्या ते सांगतो (बायको म्हणते याचा संसाराला काय उपयोग, उत्तर नाही माझ्याकडे).

तर झालं असं की ४३व्या वाढदिवसाला ठरवलं की आता नुसतं आवडतं आवडतं नको, नीट ध्येय ठेवायचं. एक्सेल केली. एसटीची अडीचशे आगारं सगळी बघायची, कोकण रेल्वेचे ९१ बोगदे मोजायचे, राज्यातले सगळे घाट एसटीने, वगैरे वगैरे. दोन वर्षांत ३७ आगारं झाली. पण गेल्या महिन्यात एका आगारात उतरलो, बोर्डाचा फोटो काढला, एक्सेलमध्ये टिक केली आणि समोर लागलेल्याच गाडीने परत फिरलो. चहासुद्धा प्यायलो नाही. परतीच्या वाटेत वाटलं हे तर मी ऑफिसातली वसुलीच करतोय की.

बोगद्यांचं पण तेच, मांडवी एक्स्प्रेसने गेलो होतो, चिपळूणच्या पुढे कुठेतरी मोजदाद चुकली आणि त्या चिडचिडीत करबुडे कधी आला नी गेला कळलंच नाही. साडेसहा किलोमीटरचा बोगदा, आणि मी बोटं मोजत बसलेलो.

विचारायचं हे की छंदाला टार्गेट लावावं का नाही? आणि दुसरं, थोडं आतलं आहे, याच क्षेत्रात नोकरी करायला हवी होती का असं आता सारखं वाटतं.

वेबिल

३१ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर. राग मानू नका पण आगार म्हणजे एसटी नव्हे. आगारात डिझेल, वॉशिंग आणि कंट्रोलरची खिडकी, बाकी काय बघणार तुम्ही?

एसटी बघायची तर मुक्कामी गाडी धरा. संध्याकाळची शेवटची, जी गावात जाऊन झोपते. तालुक्याला निघताना खचाखच, बाजाराच्या पिशव्या, कोंबडी, एखादी माहेराला निघालेली पोरगी. फाट्याफाट्यावर रिकामी होत जाते आणि शेवटी चारपाच जणं उरतात, ती सगळी एकमेकांना ओळखणारी. गावात गाडी वळवायची जागा ठरलेली असते, वडाखाली नाहीतर शाळेपुढे. आम्ही कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठे देवळात, नाहीतर सीटवरच पथारी टाकायचो. जेवायला कुणीतरी हाक मारायचंच. पहाटे ड्रायव्हरने स्टार्टर मारला की अख्ख्या गावाला कळायचं किती वाजले ते. मग दुधाचे कॅन, मग कॉलेजची पोरं, आणि एकजण रोज पळत येणार म्हणजे येणारच, त्याच्यासाठी सिंगल बेल (म्हणजे थांबायची खूण) तयारच ठेवायची.

वर्षाला अशा चार गाड्या करा, बास. मात्र राहायची सोय आधी विचारून ठेवा, गावात रात्री उतरून कुठं जाऊ म्हणायची वेळ आणू नका.

कर्जतबँकर

+१ वेबिलकाका.

माझं मत थोडं वेगळंय. टार्गेट ठेवा पण क्रम बदला. जे बंद पडणारे ते आधी. मी पाचोरा-जामनेर नॅरोगेज "पुढच्या हिवाळ्यात करू" असं पाच हिवाळे म्हटलो, लॉकडाऊनमध्ये गाडी थांबली ती परत आलीच नाही. मूर्तिजापूरची शकुंतला, तीही नॅरोगेजच, तीही अशीच बघायची राहिली आणि बंद पडली. बेस्टच्या जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या, शेवटच्या दिवशी नुसती गर्दी बघून परत आलो. कोकण रेल्वेवर २०२२ मध्ये पूर्ण विजेची लाइन झाली, म्हणजे घाटात खिडकीतून ऐकू यायचा तो डिझेलचा घोगरा आवाज आता जवळपास संपला. करबुडे कुठे पळून जात नाही, तो नंतर करा.

आणि आगारं तर अजिबात पळून जात नाहीत 😄

बाकी कर्जतला घाट चढायला मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लागतो तेव्हा बसणारा तो हलका धक्का, तो अनुभवायला मी आजही मुद्दाम शेवटच्या डब्यात बसतो. वय ५२.

उगाचच

पेट्रोलचे भाव बघा, पोरांच्या फिया बघा, आणि इथे बोगदे मोजतायत.

कर्जतबँकर

@उगाचच एसटीने जाणाऱ्याला पेट्रोलचा भाव सांगताय, धन्य आहात.

सिग्नलसायकल

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते कारण मी त्याच क्षेत्रात नोकरी केलीये. ट्रॅफिक इंजिनीअर आहे, बसमार्गांचं प्लॅनिंग करते. लहानपणी नाशकात आत्याकडे जाताना इगतपुरीला इंजिन बदलायचं, ते बघायला बाबा मला खांद्यावर घेऊन पळायचे, तिथून सगळं सुरू झालं. (तेव्हा मुंबईकडे डीसी करंट होता नि इगतपुरीच्या पुढे एसी, म्हणून बदलावं लागायचं. आता सगळंच एसी, इंजिन बदलत नाही.)

तर नोकरी लागली आणि आवडीचं काय झालं सांगू? बसमध्ये बसले की मला दोन गाड्यांमधलं अंतर दिसतं, थांबा चुकीच्या ठिकाणी आहे हे दिसतं, चढायला किती सेकंद लागले ते दिसतं. सात वर्षं नुसतं बसायचं म्हणून मी बसमध्ये बसले नव्हते. पश्चात्ताप नाहीये, एखाद्या वस्तीला पहिली बस सुरू होते तेव्हा जे वाटतं ते मी सोडणार नाही, पण तुम्हाला जे वाटतंय की तिकडे सगळं गोडच असतं, तसं नाही हो. तुमची वही तुमचीच राहिली, माझी ऑफिसची झाली.

आता महिन्यातून एकदा लेकीला घेऊन निघते. स्टँडवर समोर जी लागलेली असेल ती गाडी, फोन पिशवीत. माझं अर्धं तिकीट, तिचंही अर्धंच, त्यामुळे परवडतं पण. मागच्या वेळी चुकून भोरला पोचलो आणि ती म्हणाली आई आपण हरवलोय का, मी म्हटलं हो. एकदम खूश.

तुमचे वडील अजून आहेत का? त्यांनी काय काय बघितलं असेल वर्कशॉपात, ते लिहून घेतलंत का कधी?

बार्शीलाइट

सगळ्यांचे आभार. उगाचच यांचेही, फी भरलीये, काळजी नसावी.

सिग्नलसायकल, तुमच्या शेवटच्या ओळीवर दोन दिवस अडकलो होतो. वडील ७८ चे आहेत, गुडघे सोडले तर ठणठणीत. आणि मी ३७ आगारं फिरलो त्यात एकदाही त्यांना सोबत घेतलं नाही, कारण ते हळू चालतात आणि माझी गाडी चुकली असती. लिहितानाच लाज वाटतेय.

एक्सेल डिलीट नाही केली, तेवढा मोठा मी नाही. पण कर्जतबँकर म्हणतात तसा क्रम बदलला आणि पहिल्या ओळीत नेरळ-माथेरान टाकलं. कारण असं की माथेरानच्या छोट्या गाडीची मोठी कामं आमच्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये होतात. वडिलांनी त्या डब्यांवर वर्षानुवर्षं हात चालवला, पण त्यात बसून डोंगर कधी चढले नाहीत. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी बंद असते, म्हणून दिवाळीनंतर जायचं ठरवलंय. २१ किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात, वडील म्हणाले बरंय, उतरायची घाई नको.

काल रात्री फोनवर सांगितलं तर आधी गप्पच बसले. मग विचारलं, "डब्याच्या स्प्रिंगा नीट बसवल्यात का बघू दे, वाजत असल्या तर मी खाली वाकून बघणार, तू मधे बोलू नको."

वेबिलकाका, मुक्कामी गाडीचं त्यानंतर. करमाळ्याकडची एखादी सुचवाल का?